माणसांची देवघेव

वडखेडीच्या सार्वजनिक वाचनालयात नेटवर्क येतं ते फक्त इतिहासाच्या कपाटाजवळ. असं का, ते कुणालाच सांगता आलेलं नाही. कादंबऱ्यांपाशी फोन मुका होतो, धार्मिक विभागात एखादी दांडी दिसल्यासारखी वाटते, आणि इतिहासाशी खुर्ची टाकून, खिडकी उघडी ठेवून, मान जरा डावीकडे कलती केली की थेट पुण्याशी बोलता येतं. ग्रंथपाल रंजिताताई पाटील यांनी आपलं सगळं ऑनलाइन प्रशिक्षण असं मान कलती ठेवूनच केलं. त्यामुळे राज्यभरातल्या बाकीच्या ग्रंथपालांचा असा समज झाला, की नंदुरबारकडच्या या बाई प्रत्येक मुद्द्यावर फार खोल विचार करतात.

रंजिताताईंनी तो समज दूर करायचा प्रयत्न केला नाही. आपल्याबद्दल चांगले समज असतील तर ते बहुधा खरेच असणार, असं त्यांचं सर्वसाधारण मत होतं.

प्रशिक्षणाचा विषय होता 'समाजाभिमुख ग्रंथालय आणि कार्यक्रम नियोजन'. यामिनी मॅडम पुण्याहून शिकवायच्या. अतिशय बारीक, अतिशय हसऱ्या आणि 'समाजाचा सहभाग' हे शब्द एका दमात पुष्कळदा उच्चारणाऱ्या. शेवटी प्रत्येकानं आपल्या गावात एक कार्यक्रम करायचा आणि तो मोबाइलवरून सगळ्यांना थेट दाखवायचा, तरच प्रमाणपत्र.

प्रमाणपत्राची रंजिताताईंना तशी हौस नव्हती. त्यांना हवा होता तो कार्यक्रम. कारण वाचनालयाचे अध्यक्ष रतिलाल आप्पा यांच्या मनात वाचन कक्ष एका पतसंस्थेला देऊन टाकायचं घाटत होतं. पुस्तकं मागच्या खोलीत ढकलायची, रंजिताताईंनी तिथंच एका कोपऱ्यात बसायचं. आप्पा पेठेतले बडे आसामी. केळीच्या बागा, ट्रॅक्टरचं दुकान आणि कुठल्याही समारंभात लांबलचक भाषण करण्याचा वंशपरंपरागत हक्क. ते म्हणाले होते, "पाटीलबाई, कक्षात माणसंच येत नाहीत. खुर्च्यांनी नुसतं बसून काय करायचं?"

"माणसं येतील आप्पा," रंजिताताई म्हणाल्या. "तुम्ही कार्यकारिणीची बैठक फक्त कार्यक्रमानंतर ठेवा."

कुठला कार्यक्रम, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यासाठी आवाजातला ठामपणा कमी करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

प्रशिक्षणाला त्यांच्याखेरीज आणखी एक व्यक्ती नियमित हजर असे. शेजारच्या भिकुबाई. या दुपारी पंख्याखाली बसायला वाचनालयात यायच्या आणि जमलेली-मोडलेली लग्नं हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. पहिल्याच शनिवारी माइक बंद करायचा राहिला आणि भिकुबाई पडद्यावर यामिनी मॅडमना न्याहाळत म्हणाल्या, "हाई बाई काही खास-पेस का नही वं? कितली वाळी गयेल शे."

राज्यभरचे ग्रंथपाल एकदम पडद्याजवळ सरकले.

"मागून कोण बोललं?" यामिनी मॅडमनी आनंदानं विचारलं. "हाच, हाच तो समाजाचा आवाज. काय म्हणाल्या त्या?"

"त्या म्हणाल्या," रंजिताताई मान जागची न हलवता म्हणाल्या, "विषय फार नेमका मांडलात."

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी सांगितलं की आधी गावाला विचारा, तुम्हाला वाचनालयाकडून काय हवं. रंजिताताईंनी विचारलं. गावाला बस थांब्यावर शेड हवी होती. पेठेला सार्वजनिक मुतारी हवी होती. तरुण मंडळींना वाचनालय भारनियमनाच्या वेळी हमखास उघडं हवं होतं, कारण इन्व्हर्टरवर मोबाइल चार्ज करता येतात. वाचनालयासमोर गाद्या-रजयांचं दुकान असलेले गफूरभाई पिंजारी म्हणाले, "ताई, तुम्हना पंखा लई आवाज करस. तेवढं देखा." पुस्तकाचं नाव कुणी काढलं नाही. एका गृहस्थांनी काढलं, पण ते त्यांच्याकडे बरीच वर्षं पडून राहिलेल्या पुस्तकाबद्दल होतं आणि दंड टाळण्यासाठी ते आधीच क्षमा मागत होते.

दुसरं कुणी असतं तर खचलं असतं. रंजिताताईंनी हे सगळं मॅडमपुढे 'गावाच्या अपेक्षा व्यापक आहेत' अशा एका वाक्यात मांडलं आणि शाबासकी मिळवली.

तिसऱ्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "पुस्तक म्हणजे फक्त छापील कागद नव्हे. माणूससुद्धा पुस्तक असतो. माणसाला समोर बसवा, वाचकाला त्याच्याशी बोलू द्या."

रंजिताताईंची मान पहिल्यांदाच सरळ झाली, त्यामुळे पुढचं काही ऐकू आलं नाही. पण ऐकायची गरजही उरली नव्हती. वडखेडीत पुस्तकं मोजकी असली, तरी बोलणाऱ्या माणसांचा साठा अमाप होता.

त्यांनी लगेच निवड केली. गफूरभाईंच्या घरात पिढ्यान्पिढ्या कापूस पिंजायचं काम. भिकुबाईंनी स्वतःची निवड स्वतःच केली. धडगावच्या घाटात सवारी जीप चालवणारे नवलसिंगभाऊ, ज्यांना घाटातलं प्रत्येक वळण नावानं माहीत होतं, ते तयार झाले. आणि धोरण म्हणून रतिलाल आप्पा. आप्पांनी आपल्या पुस्तकाचं शीर्षक जागेवरच सांगितलं. 'माझी यशस्वी वाटचाल.'

राहिली परवानगी. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भूपेशभाऊंकडे अर्ज द्यायचा होता. रंजिताताईंनी तो वाचनालयाच्या नेहमीच्या शिस्तशीर भाषेत लिहिला. 'येत्या शनिवारी आमच्या वाचनालयातून सभासदांना जिवंत माणसे देण्यात येतील व वाचून झाल्यावर ती सुस्थितीत परत घेण्यात येतील.'

भूपेशभाऊंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"ताई, माणसं देणार म्हणजे कोणाला देणार?"

"सभासदांना."

"नि सभासद त्या माणसांचं काय करतील?"

"वाचतील."

भूपेशभाऊंनी खुर्ची थोडी मागे सरकवली. छापील नमुन्यात कार्यक्रमाचे प्रकार दिले होते. लग्न, सप्ताह, सभा, वाढदिवस. माणसांची देवघेव हा प्रकार कुठेच नव्हता. पुष्कळ विचार करून त्यांनी वाढदिवसावर खूण केली, कारण वाढदिवसाला शिक्के सर्वांत कमी लागतात. 'शनिवारी वाचनालयात वाढदिवस' असं बाहेरच्या फलकावर लिहूनही टाकलं. मूळ अर्ज मात्र, आपल्यावर काही यायला नको म्हणून, पोलीस चौकीकडे पाठवून दिला.

हवालदार दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी दारातूनच आत नजर टाकली आणि गंभीर आवाजात विचारलं, "माणसं कुठं ठेवली आहेत?"

पेठ गोळा झाली. ग्रंथपालबाई माणसं देतात-घेतात, हे गावाला प्रथमच कळत होतं, आणि अशा बातमीवर विश्वास ठेवायला गाव कधी कुरकुर करत नाही. बावीस वर्षांची नोकरी, एकही पुस्तक कधी गहाळ नाही, आणि आता ही चौकशी. रंजिताताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्यांनी हवालदारांना आत बसवलं, चहा मागवला आणि समाजाचा सहभाग ही संकल्पना इतकी सविस्तर समजावली की चहा संपून बराच वेळ झाला तरी त्यांना उठता येईना. शेवटी तेच हळूच म्हणाले, "बाई, मलाही पुस्तक व्हायला आवडलं असतं. गोष्टी पुष्कळ आहेत माझ्याकडे. पण सगळ्या न्यायप्रविष्ट आहेत."

शनिवार उजाडला. कक्षात टेबलं मांडली होती, प्रत्येक टेबलामागे एक माणूस आणि पुढे शीर्षकाची पाटी. दारावर नियम लावले होते. माणूस काळजीपूर्वक हाताळावा. पानं दुमडल्यासारखे अवघड प्रश्न विचारू नयेत. वाचून झाल्यावर वेळेत परत करावा.

या शेवटच्या नियमात घोटाळा होता, आणि तो रंजिताताईंच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. परत करायचं, म्हणजे आधी न्यायचं. वडखेडीच्या वाचकांना वाचनालयातून वस्तू घरी नेऊन वाचायची सवय. कक्षात बसून वाचणं त्यांना कधीच मान्य नव्हतं. आप्पांची तक्रार तरी दुसरी काय होती?

सुरुवात इतकी झकास झाली की रंजिताताई निवांतपणे मागच्या खोलीत पाण्याची व्यवस्था बघायला गेल्या. तिथं नळाची तोटी हातात आली. तोटीवर चिंधी गुंडाळून, पदर पिळून त्या बाहेर येतात तो कक्ष रिकामा. गफूरभाई नाहीत, भिकुबाई नाहीत, नवलसिंगभाऊ नाहीत. आहेत फक्त रतिलाल आप्पा. कडक इस्त्रीचा सदरा, हातात भाषणाचे कागद आणि गळ्यात हार.

"हार कुणी घातला आप्पा?"

"चारपाच जण आले होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणाले, पाया पडले आणि गेले," आप्पा कोरड्या आवाजात म्हणाले. "माझा वाढदिवस पौषात असतो."

"आणि बाकीची पुस्तकं?"

"नेली लोकांनी. मला कुणी नेलं नाही."

हे शेवटचं वाक्य आप्पांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला. यामिनी मॅडम आणि राज्यभरचे ग्रंथपाल वडखेडीचा कार्यक्रम बघायला हजर झाले होते.

रंजिताताईंनी फोन इतिहासाच्या कपाटाजवळच्या टेबलावर, एका जाड चरित्राला टेकवून उभा केला. आप्पांना खुर्चीसकट त्याच्यासमोर आणलं. "मॅडम, आमचे अध्यक्ष स्वागत करतील. आमची बाकीची पुस्तकं सध्या वाचकांकडे आहेत. मी परत घेऊन येते." आणि चपला पायात सरकवून त्या निघाल्या.

पहिला माग गफूरभाईंचा लागला. पेठेच्या मागल्या गल्लीत अंगणवाडी चालवणाऱ्या शबानाबींच्या अंगणात हिवाळ्यातल्या धुक्यासारखा कापूस उडत होता. मधोमध गफूरभाई, भोवती गल्लीतल्या बायका. पिंजताना ते आजोबांची गोष्ट सांगत होते. राजघराण्यातल्या लग्नात त्यांनी गादी केली होती आणि तिच्यावर नवरदेव इतका गाढ झोपला की वरात त्याच्याविना निघाली.

"गफूरभाई, तुम्ही वाचनालयात बसायचं होतं," रंजिताताई म्हणाल्या. तोंडात कापूस गेल्यामुळे वाक्यात जोर राहिला नाही.

"शबानाबी बोलन्या, पुस्तक घर लई जावाना नियम शे. आठे उनू तं त्यासन्या गाद्या देख्या. उसवी टाक्या ताई. आते शिवल्याबिगर कसा येऊ?"

शबानाबी शांतपणे म्हणाल्या, "वेळेत परत करू, बाजी. दोन गाद्या राहिल्यात."

रंजिताताईंनी खूप बोलायचं मनात आणलं होतं. पण बायका रागानं त्यांच्याकडे बघत होत्या. नवरदेवाचं पुढे काय झालं ते अडलं होतं. त्या केसातला कापूस झटकत पुढे निघाल्या.

भिकुबाईंचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. चौधरींच्या घरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. लग्नातली जाणकार बाई आयतीच वाचनालयातून मिळतेय म्हटल्यावर मुलीचे वडील त्यांना कार्डावर घेऊन आले होते. रंजिताताई पोहोचल्या तेव्हा पाहुण्यांच्या बशांतले पोहे तसेच होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

झालं होतं असं. पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून भिकुबाईंनी मोडलेल्या लग्नांमधलं एक उत्तम लग्न सांगायला घेतलं. खापर गावचं स्थळ. नवरदेव हळदीच्या दिवशीच गुजरातेत पळून गेलेला, आणि तिथं आधीच त्याचा संसार मांडलेला निघाला. गोष्ट रंगात आल्यावर कळलं, की तो नवरदेव म्हणजे समोर बसलेले, मुलाचे मामा.

रंजिताताईंनी वाचनालयाच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली. 'ग्रंथातील मतांशी वाचनालय सहमत असेलच असे नाही,' हेही सांगितलं. मामा उठले आणि त्यांच्यामागून पाहुणे उठले. भिकुबाईंना दंडाला धरून बाहेर आणताना स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदाच जरा रंग आला असावा. तिनं हळूच विचारलं, "ताई, मावशींना पुढच्या रविवारी पण मिळवता येईल का? त्या दिवशी दुसरे येणार आहेत."

"मी तं खरं ते सांगं," भिकुबाई रस्त्यानं पुटपुटत होत्या. "त्यानी मिशी काढी टाकी, मी कशी वळखू?"

नवलसिंगभाऊंचं तर विचारूच नका. घाटाची वळणं वाचायला बसलेले वाचक होते धडगावकडचे. त्यांना घरी जायचं होतं आणि शेवटची बस चुकली होती. एवढं तोंडी सांगण्यापेक्षा दाखवतोच, असं म्हणून पुस्तक वाचकांना जीपमध्ये घालून घाटात निघून गेलं होतं. फोन लावला तर लागत नव्हता. घाटात इतिहासाचं कपाट नाही.

थोडक्यात, आपल्याकडे दाखवायला आता कापसानं भरलेले गफूरभाई आणि फुरंगटलेल्या भिकुबाई एवढंच शिल्लक आहे, हे रंजिताताईंच्या ध्यानात आलं. तरी त्यांची चाल मंदावली नाही. परतताना त्यांनी गफूरभाईंना उचललं. गोष्ट अर्धी राहिली म्हणून बायका मागोमाग निघाल्या. इतका वेळ आप्पांनी यशस्वी वाटचाल वाचून दाखवली असेल, पुणं केव्हाच निघून गेलं असेल, असा त्यांचा हिशेब होता.

दारापाशी येताच त्या थांबल्या. आतून आप्पांचा आवाज येत होता. पण तो आप्पांचा नव्हता. आधी एका बाईचा रडवेला आवाज आला, मग खलनायकाचा, मग घोड्याच्या टापांचा, आणि सगळं अहिराणीतून.

मागाहून त्यांना कळलं ते असं. आप्पांनी कागद काढून पहिलं पान वाचलं, तेव्हा यामिनी मॅडमनी मध्येच विचारलं, "हे ट्रॅक्टरच्या दुकानापासून सुरू होतं. त्याच्या आधी तुम्ही काय करत होता?" आप्पांनी कक्षात इकडेतिकडे पाहिलं. गावातलं कुणीच नव्हतं. फोनमध्ये बसलेल्या माणसांना वडखेडीत येऊन काही सांगायचं नव्हतं. तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवले आणि आजवर कुणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं. तरुणपणी ते तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव फिरत असत. लोकांना हिंदी फारसं कळायचं नाही. आप्पा पडद्याशेजारी काठी घेऊन उभे राहायचे आणि सगळा सिनेमा अहिराणीतून सांगायचे. चांगल्या घरचा मुलगा तंबूत ओरडतो, म्हणून वडिलांनी एक दिवस यात्रेतून उचलून आणला आणि शेतीला लावला. त्या तंबूचं नाव पुन्हा घरात कुणी घेतलं नाही.

"धडगावले तं मन्ही अहिरानी भी चालेना," आप्पा फोनला सांगत होते. हार त्यांनी काढून खुर्चीला अडकवला होता. "मंग तठला गोवाल नावना पोऱ्या व्हता. तो खांब जोडे उभा राहीसन मन्हं बोलनं पावरी बोलीमा सांगे. मी सांगू, हिरो मरी गया. गोवाल सांगे, मरना नही, झोपेल शे. मी इचारं, काब्रं रे? तो बोलना, मरना सांगं का लोके उठीसन घर चालना जातस. मंग मन्हा हिरो मरेल नी त्याना हिरो झोपेल, आशे आम्ही पुढला सिनेमा चालाडूत."

फोनमधून राज्यभरचं हसू आलं. दारातूनही आलं. आप्पांनी वळून पाहिलं. दारात ग्रंथपाल होत्या, पिंजारी होते, भिकुबाई होत्या, मागल्या गल्लीतल्या बायका होत्या, आणि त्यांच्यामागं हवालदार होते, जे वाढदिवसाला म्हणून आले होते.

आप्पा उठून उभे राहिले. सदरा खाली ओढला. "तर, उपस्थित बंधू-भगिनींनो," ते शुद्ध मराठीत म्हणाले, आणि भाषणाचे कागद शोधू लागले.

रंजिताताईंनी अशा वेळी काय करायचं हे प्रशिक्षणात शिकलेलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, आप्पांच्या टेबलापुढे बसल्या आणि आपलं कार्ड समोर ठेवलं.

"हे पुस्तक मी घेते," त्या म्हणाल्या. "इथंच बसून वाचेन. आप्पा, झोपेल हिरोनं मंग काय व्हयनं?"

आप्पांनी कार्डाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग हळूहळू खाली बसले. दाराशी उभी असलेली मंडळी आत येऊन खुर्च्यांवर बसू लागली, आणि खुर्च्या संपल्यावर जमिनीवर.

नवलसिंगभाऊ दुसऱ्या दिवशी सुस्थितीत परत आले. यामिनी मॅडमनी कार्यक्रमाला उत्कृष्ट ठरवलं. रिकाम्या कक्षात एकच पुस्तक ठेवण्याची कल्पना त्यांना अतिशय धाडसी वाटली. रंजिताताईंनी तीही आपलीच असल्याचं नम्रपणे मान्य केलं. कार्यकारिणीच्या बैठकीत पतसंस्थेचा विषय निघाला तेव्हा आप्पा म्हणाले, "शनिवारी कक्ष मोकळा नसतो," आणि पुढच्या विषयाला हात घातला.

कारण दर शनिवारी आता पेठ लोटते. परवाच्या शनिवारी आप्पांनी पुन्हा एकदा तोच सिनेमा सांगितला. या खेपेला हिरो आंधळा झाला. मागल्या वेळी तो साधू झाला होता, त्याच्या आधी सुरतला निघून गेला होता. भिकुबाईंना हे सहन होईना.

"आप्पा, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "त्या सिनेमाना खरा शेवट काय व्हता?"

"माले काय माहीत," आप्पा म्हणाले. "शेवटनं रीळ आमना जोडे कधी व्हतंच नही. तुले कसा पाहिजे, ते सांग."

भिकुबाईंनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि नवरी कुठल्या गावची होती तिथपासून सुरुवात केली.